वहिनीच्या कोटाचा वास

दादा गेल्यावरही घरात त्याचा वास यायचा. उगाच काहीतरी सांगत नाही. वॉर्डात शेवटच्या दिवसांत त्याच्या खाटेभोवती असायचा तसाच, ओल्या गोठ्यासारखा. संध्याकाळी वहिनी कामावरून आली की तिच्यामागोमाग तो दारातून आत शिरायचा. डोळे गेलेली आई अंथरुणावर उठून बसायची नि म्हणायची, "आलास का रे?" तो गेलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी विचारायची.

वहिनी प्रयोगशाळेत जंतू वाढवायची. काचेच्या ताटल्यांपलीकडे तिला जग नव्हतं, म्हणून सगळे तिला ताटलीबाई म्हणत. मी तिथेच भांडी धुते आणि काम संपलेले जंतू वाफेच्या भट्टीत मारते. वशिला अर्थात तिचाच.

दादाच्या पायाला साधी जखम झाली होती. औषधांचा मारा झाला, त्यात पोटातले चांगले जंतूही साफ झाले, आणि रान मोकळं मिळालेल्या एका हलकट जंतूने त्याला बारा दिवसांत नेलं. तेव्हापासून वहिनीने एकच ध्यास घेतला. दह्यातल्या जंतूंच्या भाऊबंदांत असा एक शोधायचा, ज्याने तयार केलेलं प्रथिन फक्त त्या मारेकऱ्याला मारेल, बाकी पोटाला हात लावणार नाही. चार वर्षं काही हाती लागलं नाही. यंदा लागलं. ताटलीभर तो मारेकरी जंतू माजलेला, आणि प्रथिनाच्या थेंबाभोवती मात्र स्वच्छ गोल. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. वहिनी तेवढ्यात हात धुवायला निघून गेली.

मग प्रयोगशाळेच्या सरकारी तपासणीची तारीख आली. शीतपेटी आवरताना मला एक नळी सापडली, तिची नोंद कुठेच नव्हती. झाकणावर नुसती तारीख. दादा गेला ती.

"हा त्याच्या पोटातला?" मी विचारलं.

"हो. मरू नये म्हणून दर महिन्याला नव्या ताटलीवर वाढवते."

माझं डोकंच फिरलं. "माझ्या भावाला खाल्लं त्याने, आणि तू त्याला पोसतेस? लाज नाही वाटत?"

"त्याच्या अंगातलं जिवंत असं एवढंच उरलंय गं," ती म्हणाली. "आणि आई वाट बघतात. त्या जंतूचा वास बसलेला कोट मी मुद्दाम घरी आणते."

नळी तपासनिसाला सापडली असती तर तिची नोकरी गेली असती, नि घर तिच्यावरच चालतं. शुक्रवारी दुपारी तिने नळी, ताटल्या आणि कोटसुद्धा भट्टीत ठेवला. "मारायचं काम तुझं," म्हणाली.

इतकी तावातावाने बोललेली मी, पण बटणावर बोट ठेवलं आणि हात चालेना. आता दादा पुरता जाणार, हेच मनात. शेवटी वहिनीने माझ्या हातावर हात ठेवून बटण दाबलं. वाफ चढून उतरेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. झाकण उघडलं तेव्हा नुसता उकडल्याचा वास आला.

संध्याकाळी नेहमीसारखी वहिनी आधी घरात शिरली. आई उठून बसली. दाराकडे तोंड करून तिने एकदा श्वास घेतला, मग पुन्हा एकदा.

"कोण आहे?" तिने विचारलं.

वहिनीने चप्पल काढली. "मी एकटीच आहे, आई."