कंपाउंडर आणि शिळी आंबील

कॅसलरॉकच्या दवाखान्यातले कंपाउंडर दिसेल ते भांडं हुंगायचे. "ऊब, ओल आणि अन्न मिळालं की जंतू वाढलेच म्हणून समजा!" आम्ही हसायचो.

नंदिगड्ड्यातल्या एका कुणबी म्हातारीच्या पायाची जखम सडत चालली होती. मी कंपाउंडरांबरोबर गेलो. म्हातारी पायाला हात लावू देईना.

"आधी माझी नाचण्याची आंबील पी, मग लाव हात."

"कधीची, आज्जे?"

"कालची. रातभर चुलीपाशी ठेवलीया. बरी आंबलीया."

कंपाउंडरांचा चेहरा बघून मला हसू फुटलं. मग तिनं मलाही विचारलं, आणि मी उपास सांगितला. खरं सांगतो, तिच्या घरचं मला नको होतं.

कंपाउंडरांनी मात्र डोळे मिटून वाटी रिकामी केली.

"मीठ कमी हाय," म्हणाले.

म्हातारीनं हसत पाय पुढं केला.