रजिस्टरातली मेरी

"नाव हाय का न्हाई, येवढंच सांगा फादर. दाखला बी नको आमाला."

समोर बसलेले आबा माझ्याच वयाचे होते, साठी ओलांडलेले. सकाळची मिस्सा, म्हणजे आमची रोजची उपासना, नुकतीच संपली होती आणि माझा चहा व्हायचा होता. आबा सभ्य माणूस. चपला बाहेर काढून आत आले, वेदीला हात जोडले आणि मगच ऑफिसात बसले. जुन्या नोंदी तिथे असतील म्हणून आधी शिरूरला मिशनच्या जुन्या चर्चमध्ये जाऊन आले होते. ते चर्च प्रोटेस्टंटांचं, आमचं कॅथलिक. तिथल्या पाळकांनी चहा पाजून त्यांना दौंडला माझ्याकडे पाठवलं होतं. अडचणीची माणसं एकमेकांकडे पाठवण्याइतका एकोपा आमच्यात आहे.

इनामगावच्या अलीकडे घोड नदीच्या काठी एक गाव आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही. आबांचा पुतण्या तिथला माजी सरपंच. या वेळी सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झालं, आबांच्या गटाची बाई पडली आणि मंदाताई निवडून आली. मंदा हेही खरं नाव नव्हे. ती मातंग समाजाची, नवरा कुरकुंभच्या कारखान्यात कामाला. आबांचं म्हणणं असं, की ही बाई ख्रिश्चन आहे. दर बुधवारी तुमच्या चर्चमध्ये असते. मेणबत्ती लावतानाचा तिचा फोटोच त्यांच्या मोबाइलवर होता.

वाचकांना यातली गोम सांगतो. आपल्याकडे अनुसूचित जातीचा दाखला हिंदू, शीख आणि बौद्ध माणसाला मिळतो, ख्रिश्चनाला मिळत नाही. माणूस ख्रिश्चन झाला की त्याची जात गेली असं कायदा धरतो. गावाला मात्र ती तोंडपाठ असते. तेव्हा मंदाताई ख्रिश्चन ठरली की तिचा दाखला रद्द, सरपंचपद गेलं, वर खोटा दाखला वापरला म्हणून केस. तिच्या वस्तीपर्यंत पाण्याची पाइपलाइन नुकतीच मंजूर झाली होती. तीही मग लटकली असती.

मी आबांना नियम सांगितला. आमच्याकडे बाप्तिस्म्याचं रजिस्टर असतं. डोक्यावर पाणी घालून माणसाला चर्चमध्ये घेतात तो बाप्तिस्मा, आणि ज्याचा झाला त्याची त्यात नोंद होते. तिचा उतारा फक्त त्या माणसाला किंवा त्याच्या आईवडिलांना देता येतो.

"आवो, मग नाव नसंल तर न्हाई म्हनायला काय जातंय तुमचं?"

मी नियमच पुन्हा सांगितला. बुधवारी नोव्हेना असते, म्हणजे मारियामातेची दर आठवड्याची प्रार्थना. तिला निम्मी माणसं हिंदू असतात. रेल्वे कॉलनीतल्या बायका येतात, गावाकडून नवस बोलायला येतात. त्यातली एक मंदाताई. मागच्या बाकावर बसते, मेणबत्ती लावते, जाते. मिस्सेत पवित्र भाकर वाटतात त्या प्रभूभोजनाला कधी पुढे आली नाही आणि मीही कधी ये म्हणालो नाही. सगळे म्हणतात आम्ही माणसं बाटवतो. माझ्याच्याने तर आहेत त्यांचीच मुलं रविवारी मिस्सेला उठवणं होत नाही. हे सगळं आबांना सांगावंसं वाटलं, पण किती वेळा सांगायचं याचाही कंटाळा येतो.

आबा तिच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स टेबलावर ठेवून गेले. जाताना म्हणाले, तक्रार केलीय, आता जात पडताळणी समिती बोलावील तुम्हाला.

ते गेल्यावर मी रजिस्टर काढलं. उद्देश चांगला होता. एकदा बघून घ्यावं आणि उद्या कुणी विचारलं तर छातीठोक नाही म्हणावं.

झेरॉक्सवर जन्मतारीख एक जून होती. गुरुजींनी घातलेली एक जून म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको. म्हणून मी तारखेच्या मागे न लागता मागची पुढची दोन-तीन वर्षं चाळली. तिचं माहेर त्याच भागातलं. नदीकाठी तेव्हा आमच्या सिस्टरांचा, म्हणजे धर्मभगिनींचा, एक छोटा दवाखाना होता. तो कधीच बंद पडला, पण तिथल्या नोंदी आमच्याच रजिस्टरात होत. तिसऱ्या वर्षात नोंद सापडली. वडिलांचं नाव तेच, आईचं कोंडाबाई, गाव तेच. वय एकवीस दिवस. मुलीचं नाव मेरी. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, मृत्यूचा धोका.

हेही समजावून सांगायला हवं. मूल दगावणार असं दिसलं तर फादरची वाट बघत नाहीत. कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. थोडं पाणी आणि एक वाक्य, बस. त्या काळच्या सिस्टर दवाखान्यात असं करायच्या. त्यामागे कपट नव्हतं. आपल्या हातून औषधाने होत नाही, निदान देवाकडे तरी नीट जाऊ दे, एवढीच त्यांची माया. मुलं बहुतेक जायची, आणि वहीतली नोंद वहीतच राहायची. ही मुलगी जगली. बारसं होऊन मंदा झाली, शाळेत गेली, लग्न झालं, सरपंच झाली.

मी रजिस्टर मिटलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं, असं स्पष्ट मनात आलं.

पुण्याला बिशपांच्या ऑफिसात फोन केला. तिथे कागदपत्रं सांभाळणारे फादर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, मी त्यांना शिकवलंय. आता ते मला सांगतात.

"रजिस्टर उघडलंत कशाला?"

"नाही म्हणता यावं म्हणून."

"नोंदीत नाव काय आहे?"

"मेरी."

"मग झालं. मंदा नावाची नोंद आढळत नाही असं लिहून द्या. खोटं काय आहे त्यात?"

"काही नाही."

"मग अडतंय कुठे, फादर?"

बघतो, म्हणून मी फोन ठेवला. त्यांचंही चूक नव्हतं. कुठे प्रार्थनासभेवर तक्रार, कुठे शाळेतल्या नाताळावर निवेदन, कुठे सिस्टरांना पोलीस स्टेशनात बसवून ठेवलेलं. अशा फोनांनी त्यांचा दिवस उगवतो. त्यात या म्हाताऱ्या फादरचा विवेक कुठे सांभाळत बसायचा!

दोन दिवसांनी मंदाताई स्वतः आली. बुधवार नव्हता. वकिलांनी तिला चर्चचं पत्र आणायला सांगितलं होतं, की ही बाई तुमची सदस्य नाही. मी लेटरहेडवर टाइप केलं. सदर महिला आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे या चर्चच्या, कुटुंब यादीत नाहीत. त्यांनी येथे प्रभूभोजन घेतलेले नाही. त्यांचा विवाह येथे झालेला नाही. मंदा या नावाची बाप्तिस्म्याची नोंद आढळत नाही. चार वाक्यं, चारही खरी. सही केली, शिक्का मारला. असं सरळसोट खरं लिहून इतकं खोटं वाटावं, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच झालं.

तिने हात पुढे केला आणि मला पत्र देववेना.

"ताई, यात एक गोष्ट लिहायची राहिलीय," मी म्हणालो आणि रजिस्टर उघडून तिच्यापुढे ठेवलं. वाचून दाखवलं. तिने वडिलांच्या नावावर बोट ठेवलं.

"म्हंजी मी ख्रिश्चन हाय?"

धर्मशास्त्राच्या पेपरात याचं उत्तर मी एका ओळीत लिहिलं असतं. एकदा झालेला बाप्तिस्मा पुसला जात नाही. पण समोर बाई बसली होती. मी म्हणालो, "आमच्या वहीत आहात. बाकीचं तुम्ही सांगायचं."

"आन् मला कुनी इचारलं?"

"कुणी नाही. तुम्ही एकवीस दिवसांच्या होता."

ती चिडली नाही, रडली नाही. पदर सारखा केला आणि विचारलं, "तुमी सांगितलं नसतं तर मी पत्र घिऊन गेले असते ना?"

"हो."

"मग कशापायी सांगितलं?"

तुमची गोष्ट आहे, तुम्हाला ठाऊक असायला हवी, असं काहीतरी मी बोललो. मलाच ते पुस्तकी वाटलं. पत्र टेबलावर तसंच ठेवून ती निघून गेली. त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नाही. सिस्टरांवर राग आला, मग स्वतःवर. सिस्टर तर देवाघरी गेल्या, त्यांना काय विचारणार?

शनिवारी ती परत आली, बरोबर आई. कोंडाबाई काठी टेकत आल्या, खुर्चीवर बसायला तयार होईनात, शेवटी बसल्या. मी विचारायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

"सिस्टर म्हनली, बाई, पोरगी ऱ्हात न्हाई. देवाच्या नावानं पानी घालू का? म्या म्हनले, घाला. आदल्या दिशी लक्षीमीआईला कोंबडं कबूल केलं हुतं. पिराचा गंडा बी गळ्यात हुता. समदं केलं म्या त्या दिशी. कुनाला नगं म्हनले न्हाई."

"मग कुणाच्या हातून जगली?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण धंद्याची सवय.

"ते मी कशाला इचारू? जगली तशी गप घरला आनली. लक्षीमीआईला कोंबडं दिलं, पिराला नारळ फोडला. सिस्टरला शेंगा दिल्या पायलीभर. कुनाचं ठिवलं न्हाई."

आयुष्यभर मी श्रद्धेवर प्रवचनं दिली. असा चोख हिशेब त्यात एकदाही आला नाही.

मंदाताईने अर्ज मागितला. तिला माझं ते चार वाक्यांचं पत्र नको होतं, नोंदीचा खरा उतारा हवा होता. वकील काय म्हणतील, असं मी विचारलं.

"नगंच म्हनत्याल. पन हे दडवलं तर मला कायम त्या आबांच्या तोंडाकडं बघाया लागंल. मीच दाखवला म्हंजी सुटलं." मग म्हणाली, "माझ्या आईनं काय चोरी केली व्हय?"

मी उतारा लिहून दिला. मेरी, वय एकवीस दिवस, मृत्यूचा धोका.

पुण्याला जात पडताळणी समितीपुढे तारखा पडत गेल्या. दक्षता पथक तिच्या घरी जाऊन देव्हारा बघून आलं, शेजाऱ्यांचे जबाब घेतले. सुनावणीला मीही गेलो. मला विचारलं, या मुलीचं धर्मांतर झालं असं तुम्ही म्हणता का? मी म्हणालो, आमच्या नियमाने बाप्तिस्मा झाला. पण ती ख्रिश्चन म्हणून एक दिवसही वाढली नाही, आणि तिला हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. आबांचे वकील असला एखादा उतारा आपण शोधून काढू या तयारीने आले होते. तो अर्जदाराच्याच फायलीत पहिल्या पानावर लावलेला बघून ते थोडे हिरमुसले. कोंडाबाईंनी आपलं म्हणणं माझ्यापुढे सांगितलं तसंच तिथे सांगितलं, कोंबड्यासकट.

निकाल यायला वर्ष उलटलं. ती वाढली हिंदू म्हणूनच असं समितीने मानलं आणि दाखला वैध ठरला. सरपंचपद राहिलं, वस्तीत नळ आले.

आबा एकदा दौंडच्या बाजारात भेटले. फादर, तुमच्या एका शब्दानं काम झालं असतं, म्हणाले. मंदाताईच्या नवऱ्याचंही म्हणणं, फादरनं ते रजिस्टर उघडलं नसतं तर वर्षभराचा ताप वाचला असता. पुण्याच्या त्या फादरांचा फोन आला तो वेगळाच, पत्र सोडून उतारा कशाला दिलात म्हणून. दोन्ही बाजू नाराज असल्या की काम बरोबर झालं असं म्हणतात. ते म्हणणाऱ्याला बहुधा दोन्ही बाजूंची बोलणी खावी लागलेली नसतात.

मंदाताई बुधवारी यायची थांबली. वकिलांनीच सांगितलं होतं, पुन्हा चर्चची पायरी चढू नका, कोण कुठून फोटो काढील सांगता येत नाही. मध्यंतरी तहसील ऑफिसच्या आवारात दिसली. आठ-दहा माणसं बरोबर होती. मी हात जोडणार तोच ती मान वळवून नोटीस बोर्ड वाचायला लागली. संध्याकाळी फोन आला.

"फादर, वळख दावली न्हाई. राग मानू नगा. मानसं व्हती संगं."

"बरोबर केलंत," मी म्हणालो. बरोबरच केलं तिने. मला वाईट वाटायचं ते वाटलंच. इतक्या वर्षांत बुधवारी माझ्याकडे काहीही न मागता नुसती येऊन जाणारी ती एकच बाई होती. तिची सुटका केली आणि तिचीच जागा रिकामी झाली.

हाताखाली येणाऱ्या तरुण फादरांना मी आता एवढंच सांगतो. आजारी माणूस दिसला तर त्याच्या डोक्यावर हात ठेवा, देवाकडे त्याच्यासाठी काय मागायचं ते मागा. पण त्याला विचारल्याशिवाय वहीत लिहू नका. देवाला वही लागत नाही. ती लागते ती नंतर येणाऱ्या माणसांना, आणि ती कशासाठी येतील याचा नेम नसतो.

बुधवारी नोव्हेनात आजारी, अडलेल्या माणसांची नावं घेतात. ती मोठ्याने वाचून झाली की मी एक नाव मनात घेतो. मेरी नाही, मंदा.