बबनच्या पिकअपला टाकलेला जादा पाटा

मी चोवीस वर्षं फौजेत होतो. व्हेईकल मेकॅनिक म्हणून भरती झालो आणि नायब सुभेदार होऊन घरी आलो. गावातली माणसं विचारतात, सुभेदार, किती गोळ्या झाडल्या? मी सांगतो, रेंजवर झाडल्या तेवढ्याच. बाकी सगळी नोकरी गाडीखाली पाठ टेकून झाली. त्यांचा हिरमोड होतो, पण खरं ते खरं.

शेवटची पोस्टिंग डोंगरात होती. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक शेड आणि दोन रॅम्प. साडेपाचला ड्रायव्हरांची फर्स्ट परेड, म्हणजे गाडी हलवण्याआधीची तपासणी. तेल, पाणी, टायर, बॅटरी, ब्रेक. सहाला सही. सव्वासहाला कॉन्वॉय रवाना. आमच्या वर्कशॉपचा एक दंडक होता. दुरुस्त केलेली मालगाडी रिकामी पास करायची नाही. तिच्यात वाळूची पोती भरायची, उतारावर न्यायची, आणि काम केलेल्या मेकॅनिकने ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. हा दंडक कुणी घातला ठाऊक नाही. स्वतःचा जीव गाडीत असला की माणूस नट विसरत नाही, एवढं मात्र मी पाहिलं.

हवालदार बबन तिथे ड्रायव्हर होता. पाथर्डी तालुक्यातला, माझ्या गावापासून सात किलोमीटरवरचा. आईबाप दर साली ऊसतोडीला जायचे. हा कोयत्याऐवजी स्टेअरिंगला लागला. माझ्याहून चार वर्षांनी लहान, हात शांत आणि तोंड फटकळ. एकदा मी त्याला थ्री टन ट्रकचा ब्रेक करून दिला. दोनशे मीटर गेला आणि गाडी वळवून परत आला.

"काय झालं?"

"ब्रेक मनाला पटंना, उस्ताद."

"मी सोता केलाय."

"तुमी केलाय म्हनून माघारी आलो. दुसऱ्याचा आसता तर थेट रिपोर्ट केला आसता."

ब्रेकचा होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, दाबाने फुगत होता. मी बबनला चार शिव्या घातल्या आणि होज बदलला. कॉन्वॉय वीस मिनिटं उशिरा निघाला. सीओ साहेबांनी जाब विचारला तेव्हा चूक माझी आहे असं मी सांगितलं. तेव्हा ते सांगायला काही जड गेलं नाही.

मी पेन्शनवर आलो आणि दुसऱ्याच वर्षी बायको गेली. मुलगी पुण्याला सासरी. मी ओट्यावर बसायचो. सकाळी बसलो की जेवायला उठायचो आणि परत बसायचो. कुणी बोलायला आलं तर उत्तर द्यायचो, पण त्यात काही राम नव्हता. बबन रिटायर होऊन आला तेव्हा मी असा होतो.

एका सकाळी त्याने माझ्या अंगणात एक पिकअप आणून उभी केली. जुनी, साडेतीन लाख किलोमीटर पळालेली. कुणा भाजीवाल्याकडून घेतली होती. बंद केल्यावरही इंजिन दोन गचके देत होतं.

"ही कशाला आनली?"

"धंदा करनार हाय. नगरहून पेंड आनायची, सिमेंट आनायचं. हिला उभी करा उस्ताद."

"मोडीत घाल."

"तुमाला जमत नसंल तर सांगा. गावात पोरं हायेत गॅरेजवाली."

मला डिवचायचं कसं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. मी उठलो आणि बॉनेट उघडलं.

महिनाभर आम्ही त्या गाडीत होतो. लोक जुनी गाडी घेतात आणि आधी हॉर्न बदलतात, टेप लावतात, सीटला कव्हर शिवतात. मी बबनला सांगितलं, आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे. दिसायचं काम शेवटी, आणि जमलं तर. मास्टर सिलिंडरचं किट टाकलं. मागचे ब्रेक शू नवे, पुढचे पॅड नवे, ड्रम लेथवर साफ करून आणले. ब्रेकच्या पाइपला गंज होता, पाइपच पूर्ण बदलला. मग बॉल जॉइंट आणि पुढचे बेअरिंग. रेडिएटर उतरवून धुतला, होज बदलले, वॉटर पंप नवा. डिझेलचे नोझल तपासून आणले तेव्हा काळा धूर गेला. हेडलाइटला रिले आणि जाड वायर घातली, कारण जुन्या वायरीतून निम्मा उजेड वाटेतच मरतो. टायर चारही नवे. इंजिन खोललं नाही. कॉम्प्रेशन ठीक होतं, आणि चालू इंजिनाला उगाच हात लावू नये.

बबनने स्टीलचा बंपर आणला होता. मी तो कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारात आडवा लावला. तो म्हणाला, "उस्ताद, तुमच्या कोंबड्या आता चेकपोस्टमधून ये-जा करतील." मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, हे मला घरात गेल्यावर लक्षात आलं.

मागच्या चाकांवरची पाट्यांची कमान, म्हणजे माल पेलणारी स्प्रिंग, बसली होती. गाडी भरली की मागून जमिनीला टेकते, असं बबन म्हणत होता. मी दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकला. माझीच कल्पना. गाडी मागून चार बोटं उचलली गेली. बबनने लांबून बघून सॅल्यूट ठोकला.

रोड टेस्टसाठी दगड भरायचं ठरलं होतं. पण त्या दिवशी माझ्या कमरेत उसण भरली होती, आणि बबनला दुसऱ्या दिवशी नगरला पहिली खेप करायची होती. आम्ही गाडी रिकामीच नेली. मी शेजारी बसलो. गावाबाहेरच्या उतारावर तीन वेळा ब्रेक मारला. गाडी जागेवर थांबली.

"पास?" बबनने विचारलं.

"पास," मी म्हणालो.

अकरा दिवसांनी, गुरुवारी दुपारी तीन चाळीसला मला फोन आला. घाटाखालच्या टपरीवाल्याचा.

"सुभेदार, घाटात या."

"काय झालं?"

"बबनची गाडी हाय."

"बबन?"

"तुमी या आधी."

चार पंचवीसला पोहोचलो. नगरहून सरकी पेंडीची तीस पोती घेऊन तो करंजी घाट उतरत होता. गाडी डोंगराच्या बाजूला आडवी पडली होती. पोती फुटून पेंड रस्ताभर झाली होती. बबनला दवाखान्यात नेलं होतं, पण नेण्यात काही अर्थ नव्हता, हे नेणाऱ्यांनाही कळलं होतं. समोरून एसटी चढत होती, हा लाइट मारत आणि हॉर्न वाजवत आला आणि शेवटच्या क्षणी त्याने डोंगराकडे स्टेअरिंग मारलं, असं तिथल्या माणसांनी सांगितलं.

मी गाडीजवळ गेलो. दुसरं काय करायचं ते मला येत नाही. पुढच्या चाकांच्या डिस्क निळ्या पडल्या होत्या, अजूनही हात टेकवत नव्हता. जळलेल्या पॅडचा वास येत होता. मग मागच्या ड्रमला हात लावला. गार होता. दुसऱ्या बाजूच्या ड्रमलाही लावला. तोही गार.

एवढा घाट, एवढा माल, आणि मागच्या ब्रेकने जवळजवळ काहीच काम केलं नव्हतं. मी वाकून पाहिलं. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की गाडी मागून बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला पूर्ण दाब देतो. गाडी रिकामी असली की कमी देतो. मी जादा पाटा टाकला होता. तीस पोती भरूनही गाडी मागून बसलीच नाही. व्हॉल्व्हला शेवटपर्यंत ती रिकामीच वाटत राहिली. सगळा भार पुढच्या ब्रेकवर आला आणि अर्ध्या घाटात ते तापून मेले.

फौजेतल्या माझ्या जुन्या गाड्यांना हा व्हॉल्व्ह नव्हता. पिकअपचा मी पाहिला होता, डिझेलने पुसलाही होता. पाटा वाढवला की ती दांडीही नव्याने जुळवावी लागते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. उतारावर दगड भरून एकदा नेली असती तर पहिल्या ब्रेकला कळलं असतं.

पंचनाम्यात चालकाचा निष्काळजीपणा असं आलं. दहाव्याला नदीवर चारशे माणूस होतं. एका पुढाऱ्याने श्रद्धांजली वाहताना तरुणांना सांगितलं की वेगाला आवर घाला, बबनरावांसारखा अनुभवी माणूससुद्धा वेगाने नेला. मग माजी सैनिकांच्या वतीने मला उभं केलं. मी बबनचं नाव, हुद्दा आणि नोकरीची वर्षं सांगितली. चांगला माणूस होता म्हणालो आणि खाली बसलो. पुढाऱ्याला खोडून काढायला तोंड उघडलं नाही. इतका भेकड मी कधीच नव्हतो.

तीन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. मग एका सकाळी बबनच्या घरी गेलो. मंदा, त्याची बायको, गोठ्यात शेण काढत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पाटा, व्हॉल्व्ह, रिकामी टेस्ट. चूक बबनची नव्हती, माझी होती, असं सांगितलं. तिने खराटा भिंतीला लावला.

"मला ठाव हाय, दादा."

"काय ठाव हाय?"

"पयल्याच खेपंला घरी येऊन म्हनले हुते, भरल्या गाडीला मागचा बिरेक धरत न्हाई."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"मी म्हनलं, आत्ताच जाऊन दावा की. तर म्हनले, न्हाई. वैनी गेल्यापून उस्ताद आत्ता कुठं मानसात आलाय. त्येच्या कामात खोट काढली तर परत ओट्यावर जाऊन बसंल. चार दिस जाऊ दे, मग गमतीगमतीत सांगतो. तवर हळू चालवतो."

ती रडली नाही. चहा ठेवते म्हणाली. मी नको म्हणालो, तरी तिने ठेवला आणि मी तो प्यालो.

पंचनामा दुरुस्त करून मिळावा म्हणून मी दोनदा पोलीस ठाण्यात गेलो. गाडी तोवर मोडीत गेली होती, तुकडे झाले होते. दाखवायला काही उरलं नाही. साहेब चांगला होता. म्हणाला, सुभेदार, आता यातून काय निघणार? काही निघणार नाही, हे मलाही कळतं. रोज सकाळी साडेपाचला जाग येते आणि पहिला विचार तोच येतो.

म्हणून हे लिहून ठेवतो. हवालदार ड्रायव्हर बबन. नोकरी बावीस वर्षं, डोंगरातली नऊ. रेकॉर्डवर एकही अपघात नाही. घाटात ब्रेक गेल्यावर त्याच्या एका बाजूला दरी होती, समोर भरलेली एसटी होती, आणि त्याने गाडी डोंगराला लावली. एसटीतली सगळी माणसं घरी पोहोचली. त्याने काहीही चुकीचं केलं नाही. गाडी मी पास केली होती.