वकील केला म्हणजे चोर

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. पण पंचवटीतल्या मुखवटाचोरीचं नाव निघालं की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी गोदावरीकाठच्या एका ठाण्यात फौजदार होतो, अंगात रग होती आणि तपास म्हटलं की मला जेवण सुचत नसे.

एका गल्लीतल्या छोट्या देवळातून देवाचा चांदीचा मुखवटा गेला. सकाळी पूजा उरकून पुजारी घरी गेले, दुपारच्या नैवेद्याला परतले तेव्हा गाभाऱ्यात मुखवटा नव्हता. फिर्याद घेतली, जागेचा पंचनामा केला. कुलूप तुटलेलं नव्हतं, कारण त्या देवळाला दिवसा कुलूप लावायची पद्धतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी खबर आली. देवळासमोर हळदकुंकवाचं दुकान होतं, तिथला दुकानदार स्वतःहून ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, सांगू नये पण सांगतो. ऊन चांगलं चढलं होतं. फुलवाला देवळातून बाहेर पडला आणि त्याच्या टोपलीत काहीतरी जड होतं."

हा फुलवाला म्हणजे शहराबाहेर मळा असलेला तरुण शेतकरी. झेंडू, शेवंती सायकलवर लादून रोज पहाटे पंचवटीतल्या देवळांना पोचवायचा. पुजाऱ्यांकडे चौकशी केली तर तेही म्हणाले, "आठवडाभर त्याचं वागणं वेगळंच आहे. एरवी गाभाऱ्यापर्यंत येतो, हल्ली टोपली उंबऱ्याबाहेरूनच देतो. नजर वर करत नाही."

एवढं ऐकल्यावर कुठला फौजदार गप्प बसेल? त्याला मळ्यातून उचलला, अटकेचं कारण सांगितलं आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभा केला. थोड्या दिवसांची पोलीस कोठडी मिळाली.

चौकशीत गडी एकच वाक्य बोलायचा. "म्या नाय चोरला."

"मग ऊन चढल्यावर कुठं होतास?"

यावर तो जमिनीकडे बघायचा. दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिलं, त्याच्या मळ्याच्या गप्पा काढून पाहिल्या. फुलांबद्दल भरभरून बोलायचा, पण त्या सकाळचा विषय आला की तोंडाला कुलूप. आमच्या धंद्यात असं गप्प राहणं म्हणजे अर्धी कबुली, असं मी तोवर मानत आलो होतो.

कोठडी संपायच्या आदल्या दिवशी त्याची बायको आली. पदर खोचलेला, हातात भाकरीचं फडकं. हवालदाराला तिनं विचारलं, "दादा, ह्यांच्यासाठी वकील बघावा का?"

आमचे हवालदार मनानं चांगले, पण सल्ला द्यायची भारी हौस. म्हणाले, "कशाला? वकील केला म्हणजे कोर्टाला वाटतं, माणूस चोरच आहे. खरं बोलणाऱ्याला वकील कशाला लागतो?"

तेवढ्यात कोठडीतून नवऱ्याचाच आवाज आला. "वकील नको. गावात त्वांड दाखवायला जागा ऱ्हायची नाय."

मी टेबलामागून उठलो. गुन्हेगार पकडायला मला आवडतं, पण माणसाला आंधळं ठेवून पकडण्यात मला गंमत वाटत नाही. मी बाईला बाकावर बसवलं आणि सांगितलं, "ताई, वकील गाठणं हा त्याचा हक्क आहे. घटनेत लिहिलेला. त्यामुळे तो चोर ठरत नाही आणि सावही ठरत नाही. वकील परवडत नसेल तर तसं कोर्टात सांगता येतं. आणि तो इथं माझ्यापुढं काहीही कबूल करून बसला, तरी ती कबुली कोर्ट धरत नाही."

"मंग तुमीच सांगा ना सायेब, कोनता वकील चांगला?"

"ते मी सांगणार नाही. पोलिसानं वकील सुचवायचा नसतो. पण कसा शोधायचा ते सांगतो. कोर्टाच्या फाटकात जो आपणहून गाठेल, त्याच्यामागं जाऊ नका. आत जाऊन बाकावर बसा, फौजदारी कामं चालतात ती बघा. जो 'नक्की सोडवतो' म्हणेल, तिथून उठा. आणि पसंत पडेल त्याला आधी विचारा, उद्या मॅजिस्ट्रेटपुढं तुम्ही स्वतः उभे राहणार का, की दुसऱ्याला पाठवणार?"

ती गेली. हवालदार माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी ठाण्याची चावीच तिच्या हातात दिली होती.

दुपारी ती परतली ती एका वकिलांना घेऊन, आणि त्यांना पाहताच मी टोपी सरळ केली. किडकिडीत बांधा, विटका काळा कोट, आवाज इतका हळू की ऐकायला पुढं झुकावं लागावं. याच गृहस्थांनी एका खटल्यात माझी उलटतपासणी अशी घेतली होती, की साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरताना मला माझंच नाव नीट आठवत नव्हतं.

मी बाईला बाजूला घेऊन विचारलं, "यांनाच कसं निवडलंत?"

"मोठ्यानं बोलणारे लय व्हते," ती म्हणाली. "पर ह्ये आत आले आन् दारातले सगळे पोलीस गप झाले. म्हनलं, ह्येच."

निवड अचूक होती.

वकीलसाहेब कोठडीपाशी गेले. गजांतून आरोपीकडे क्षणभर पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "फौजदारसाहेब, याचं कोण वारलं हो?"

मी आरोपीकडे पाहिलं. त्याचं डोकं गुळगुळीत होतं, नुकते खुंट फुटत होते. अटक केली तेव्हाही तसंच होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं आणि कुणीच पाहिलं नव्हतं. रामकुंडावर रोज दहावे होतात, पंचवटीत मुंडण केलेला माणूस चहाच्या टपरीइतका नेहमीचा. दुसऱ्या कुठल्या गावच्या फौजदारानं पहिला प्रश्न हाच विचारला असता.

"तू मला जे सांगशील," वकीलसाहेब आरोपीला म्हणाले, "ते तू हो म्हटल्याशिवाय माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. या साहेबांनी विचारलं तरी नाही, मॅजिस्ट्रेटनी विचारलं तरी नाही."

मी लांब सरकलो. दिसेल पण ऐकू येणार नाही, एवढं अंतर ठेवायचं असतं. गजाला धरून गडी बोलायला लागला आणि बोलता बोलता रडायला लागला. मी तळमळत उभा. बाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी चष्मा पुसला.

"सांगितलं त्यानं?"

"सगळं."

"काय?"

"ते मला सांगता येत नाही," ते म्हणाले आणि गालात हसले. "पण डोकं तर तुम्हालाही दिसतंय."

खरं सांगतो, मला त्यांचा राग यायला हवा होता. त्याऐवजी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तपासाचा धागा हाताला लागतो तेव्हा असंच होतं, आणि त्या सुखासाठी मी ही नोकरी आणखी दोन जन्म केली असती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी साध्या कपड्यांत रामकुंड गाठलं. दुपारी आरोपीला कोर्टात न्यायचं होतं. दशक्रिया करणाऱ्या एका गुरुजींना चोरीचा वार सांगितला आणि विचारलं, त्या दिवशी एखादा फुलवाला बसला होता का? ते लगेच म्हणाले, "त्या दिवशीचा दहावा कोण विसरेल? विंचूरकडची मंडळी होती. कावळा शिवायलाच तयार नाही. ऊन डोक्यावर आलं, सगळे हात जोडून बसलेले. पुतण्या फुलवाला, काकांनीच त्याला वाढवलेलं. तो बिचारा सारखं म्हणत होता, काका, तुमच्या लेकीचं लग्न मी लावून देतो. शेवटी शिवला बाबा कावळा."

पलीकडच्या न्हाव्यानंही त्याला ओळखलं. मुंडण सकाळीच झालं होतं आणि त्यानंतर दुपारपर्यंत गडी घाटावरून हलला नव्हता.

आता सगळं उलगडलं. घरात सुतक असताना देवाला फुलं द्यायची नसतात. पण मळा ऐन बहरात, झेंडू काही दहा दिवस थांबत नाही. गड्यानं सुतक लपवून फुलं पोचवली. मन मात्र खात होतं, म्हणून उंबरा ओलांडत नव्हता, आणि मुंडणानंतर तर देवळाकडे फिरकलाच नव्हता. 'मी त्या सकाळी काकांच्या दहाव्याला होतो,' एवढं त्यानं सांगितलं असतं तर तो सुटला असता. पण मग पंचवटीतल्या एकाही देवळानं त्याची फुलं घेतली नसती आणि घरची चूल त्या फुलांवरच पेटत होती.

म्हणजे मी ही साक्ष कागदावर आणली तर माणूस सुटणार आणि त्याचं घर बसणार. ते टाळायला रस्ता एकच होता, दुपारच्या आत खरा चोर मुद्देमालासह धरायचा.

ऊन चढल्यावर गडी घाटावर होता, म्हणजे त्याला देवळातून निघताना पाहिलं म्हणणारा खोटं बोलला होता. घाटावरून मी जवळजवळ पळतच हळदकुंकवाच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, "जबाब पक्का करायचाय. ऊन चढल्यावर फुलवाला दिसला तेव्हा डोक्यावर काय होतं?"

"काही नाही साहेब. बोडका होता. केस भुरभुर उडत होते."

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस?"

"देवाशपथ."

त्याला ठाण्यात आणला आणि कोठडीसमोर उभा केला. आरोपीचं गुळगुळीत डोकं पाहून त्याचा चेहरा पिठासारखा झाला. "इथं आल्यावर भादरलं असेल," तो पुटपुटला.

"आमच्या कोठडीत न्हावी येत नाही."

तो मटकन बाकावर बसला. मी त्याला अटक केली आणि कारण सांगितलं. मग, हवालदारांनी डोळे मोठे केले तरी, त्यालाही सांगितलं, "तुला वकील गाठायचा हक्क आहे." तो म्हणाला, "वकील नंतर. आधी दाखवतो."

दोन पंच बोलावले आणि त्यांच्यादेखत त्याच्यामागोमाग दुकानात गेलो. मागच्या खोलीत कुंकवाचं पिंप होतं. त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि लालभडक कुंकवातून देवाचा चेहरा वर आला. गल्ली जमली होती, कुणीतरी घंटा वाजवली, आणि मी, ज्यानं कधी पंचांसमोर दातही दाखवले नव्हते, मोठ्यानं हसलो. कबुली कोर्टात चालत नाही, पण आरोपीनं दाखवलेल्या जागी मुद्देमाल सापडला तर तेवढं चालतं.

फुलवाल्याविरुद्ध पुरावा नाही, एवढाच अहवाल मी दुपारी कोर्टात दिला. घाट, न्हावी, कावळा, कशाचाही उल्लेख केला नाही, तशी गरजच उरली नव्हती. वकीलसाहेबांनी अहवाल वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित झुकवली. आजवरच्या कुठल्याही शाबासकीपेक्षा मला ती मान मोठी वाटते.

या केसनं मला काय शिकवलं? गप्प बसलेल्या माणसाकडे लपवायला गुन्हाच असतो असं नाही. कधी दुःख असतं, कधी घरच्या भाकरीची काळजी. ती पोलिसाला सांगता येत नाही, म्हणून कायद्यानं दुसरा एक कान ठेवला आहे. तो कान आरोपीच्या सोयीसाठी असतो असं मी समजत होतो. त्या दिवशी तो माझ्याही कामी आला. त्या वकिलांनी पुढं मला पिंजऱ्यात अनेकदा घाम फोडला, आणि माझ्या स्वतःच्या मेव्हण्यावर वेळ आली तेव्हा मी त्याला 'वकील गाठ' एवढंच म्हणालो.

एक सांगायचं राहिलं. सुटका झाली तेव्हा कोर्टाच्या आवारात पुजारीही आले होते. त्यांची नजर फुलवाल्याच्या डोक्यावर गेली. "काय रे," त्यांनी विचारलं, "मुंडण कशाचं?"

बायकोनं पदर तोंडाशी नेला. वकील नको, वकील नको म्हणणारा तो गडी शांतपणे म्हणाला, "महाराज, वकिलांना इचारून सांगतो."

पुजारी त्याच्याकडे, मग माझ्याकडे, मग वकीलसाहेबांकडे बघत राहिले. त्यांना कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. "विचार, सावकाश विचार," ते म्हणाले. "पण उद्या काकड्याला झेंडू पाहिजे. आणि टोपली आत आणून ठेव."