मुताची बाई

ताडकळसच्या वस्त्यांवर सरजाबाईला पाठीमागं 'मुताची बाई' म्हणतात. म्हणोत बापडे! आशाताई होऊन बारा वर्षं झाली. गरोदर बायांची लघवी पट्टीवर तपासताना तिला तेव्हा लाज वाटली नाही, आता काय डोंबल वाटणार?

त्या दिवशी ती मेंढपाळ सितारामच्या घरी गेली, तर घोड्यावर सामान चढत होतं. मेंढ्या घेऊन बिऱ्हाड निघालं होतं, अन् सोबत आठव्या महिन्यातली सून दीपिका. सरजाबाईनं बाटली दिली. सासू कस्तुराबाई सुनेला आडोशाला घेऊन गेली आणि बाटली भरून आली.

सरजाबाईनं पट्टी बुडवली. प्रोटीनचा चौकोन पिवळाच राहिला, म्हणजे दोष नाही.

"बग, काईच न्हाई. आता वाट सोड," कस्तुराबाई म्हणाली.

वाट सोडेल ती सरजाबाई कसली! दीपिकाची जोडवी सुजेनं बोटात रुतली होती. अन् साखरेचा चौकोन तपकिरी पडला होता. गेल्या महिन्यात तो स्वच्छ निळा होता.

"मावशी, ही लघवी कुणाची?"

"सुनेची! अजून कुणाची?"

"खरं सांगा. पोरीच्या जिवाचा सवाल हाय."

दीपिकानं मान खाली घातली. तशी कस्तुराबाई उसळली, "माजी हाय! पोटुशीच्या अंगचं काई परक्याच्या हातात देत न्हाईत आमच्यात. करणी व्हती!"

"मग तपासल्यावर तुमच्या हातानं मातीत जिरवा. थेंब नेणार न्हाई मी. पण तोवर हितून हालणार बी न्हाई."

आणि ती वाटेतच फतकल मारून बसली. सिताराम लय ओरडला. "घोडं माज्या अंगावरून न्या!" ती म्हणाली.

तेवढ्यात दीपिकानंच दुसरी बाटली उचलली. "मी आणते," म्हणाली, आणि सासूकडं न बघता एकटीच आडोशाला गेली.

या खेपेला साखरेचा चौकोन निळाच राहिला. प्रोटीनचा चौकोन मात्र गर्द हिरवा झाला. सरजाबाईनं आधी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, मग सितारामला खडसावलं, "वाटंत झटके आले असते तर लेकरू अन् माय दोगंबी गेले असते. सामान उतरवा!"

सामान उतरलं. कस्तुराबाईनं सुनेची बाटली स्वतः मातीत ओतली, पायानं माती दाबली. गाडीचा आवाज आला तशी ती हळूच म्हणाली, "पोरीसंगं मी बी येते."

"यावंच लागंल, मावशी," सरजाबाई पट्ट्या पिशवीत टाकत म्हणाली. "पैल्या बाटलीत लय साखर निघाली. अन् ती बाटली तुमची व्हती."