चंपाबाईचा खुंटा

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात चंपाबाईशी हुज्जत घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. भावसिंगपुऱ्याची ही बाई नवरा गेल्यापासून वाळलेल्या मिरच्या विकायची. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की म्हणायची, "ठेव खाली. तुला झेपायची नाय ती." गिऱ्हाईक निमूट पिशवी उघडायचं. मिरचीपेक्षा बाई तिखट असं सगळा बाजार म्हणायचा, पण तिच्या तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. खोली भाड्याची, लेक परघरी. जगात माझं म्हणावं असं तिच्याजवळ एकच होतं, बाजारातली ती पोत्याएवढी जागा.

या बाजाराचा इतिहास तिला सासूकडून मिळाला होता. इंग्रजांची पलटण इथं उतरली, गोऱ्यांना कोंबड्या-अंडी आणि त्यांच्या घोड्यांना हरभरा लागू लागला, तशी खेड्यापाड्यातली माणसं माल घेऊन बसू लागली. मग एका साली मरी आली. रांगाच्या रांगा बसल्या जागी आडव्या झाल्या. साहेबानं हुकूम काढला, मेलेल्याच्या छत्रीचा खुंटा घरच्यांनी उपटून न्यायचा, जागेवर चुना मारायचा, वर्षभर तिथं कोणी बसायचं नाही. खरंखोटं सासूला ठाऊक. गोरे गेले, मरी गेली, चुना तेवढा राहिला. अजूनही कोणी विकणारा मेला की शेजारी त्याच्या जागेभोवती चुन्याची रेघ ओढतात आणि त्याच्याच मालातली मूठभर मधोमध ठेवतात. रेघेच्या आतलं कोणी विकत घेत नाही, आतल्याशी बोलत नाही. बोललं की मेलेलं माणूस घरापर्यंत मागं येतं.

बिडकीनच्या कारखान्यात कामाला असलेला जावई अतुल हसायचा. "मामी, बाबासाहेबांनी आपल्याला हे सगळं सोडायला सांगितलं ना?"

"मी कुठं मानते? बाजार मानतो," चंपाबाई म्हणायची.

पण रेघ वाकडी ओढली तर खेकसायची तीच. शेजारचा लसूणवाला सांडू नवा असताना एकदा असल्या जागेत टोपली मांडून बसला, तर तिनं त्याला दंडाला धरून उठवलं होतं. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला.

यंदा तिला टायफॉइड झाला. लेक करुणा तिला बिडकीनला घेऊन गेली. आईची छत्री चोरीला जाऊ नये म्हणून ती गुरुवारी बाजारात आली. आईच्या काळजीनं डोळे वाहत होते. तशीच रडत तिनं छत्री मिटली आणि खुंटाही उपटून घेतला. जिवंत माणसाचा खुंटा बारा महिने जमिनीतच राहतो, हे तिला कोण सांगणार? ती कॉलेजात वाढलेली पोर. आणि रडणाऱ्या लेकीला काय झालं म्हणून विचारायची बाजाराची रीत नाही. सांडूनं त्याच दुपारी चुना आणला.

ताप उतरला तसं करुणा म्हणाली, आता बाजार बस झाला. चंपाबाईनं ऐकलं नाही. "तिथं बसले तरच जगेन," म्हणाली आणि गुरुवारी उजाडताच पोतं, छत्री आणि खुंटा घेऊन रिक्षातून उतरली. अंगावरचं मांस गेलेलं, आवाज पार बसलेला. जागेवर चुना आणि मूठभर मिरच्या पाहून तिला हसूच फुटलं. "मेल्यांनो, जित्ती हाय मी!" पायानं रेघ पुसली, खुंटा ठोकला आणि ऐसपैस बसली.

सांडू आला. तिला पाहून त्याच्या हातातली टोपली कलंडली. लसणाच्या गड्ड्या तिच्या पोत्यापर्यंत घरंगळल्या, त्यानं त्या उचलल्या नाहीत.

"सांड्या, अरे ताप आलता मला. पाणी दे जरा."

तो जमिनीकडं बघत पुटपुटला, "मावशी, जा आता. लेकरंबाळं हायत माझी." आणि बिऱ्हाड उचलून पलीकडं गेला.

बाजार भरला. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं आली आणि तिच्यापाशी येताच वळसा घालून गेली. एका बाईनं लेकराचं तोंड पदराखाली झाकलं. चंपाबाई हाका मारत राहिली, पण त्या घोगऱ्या आवाजाला कोणी मान वळवली नाही. आजूबाजूला एवढा कालवा, आणि तिच्याभोवती हात-दोन हात नुसती शांतता. करुणाला फोन लावला, तो वाजत राहिला.

दुपार चढली तशी तिला भीती वाटू लागली. तापात आपण नक्की कुठपर्यंत जाऊन आलो? तिनं सावली पाहिली. पडली होती, पण किती बारीक. मग एक मिरची दातांखाली चावली. तोंडाची चव गेलेली. जीभ जराही पोळली नाही.

ती उठली. स्वतःच्या हातानं खुंटा उपटला. मूठभर मिरच्या मधोमध ठेवल्या, आणि आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा पोतं पाठीवर घेऊन ती बरीच लांब आली होती.

बकऱ्यांच्या बाजाराच्या कडेला तिनं पोतं उघडलं. लगेच एक बाई आली, मिरची हातात घेतली, वर पाहिलं आणि दचकली.

"तुम्ही चंपाबाईच्या कोण?"

कधी कोणापुढं न हरलेल्या चंपाबाईच्या तोंडात उत्तर तयार होतं. पण खरं सांगितलं तर ही बाईसुद्धा मिरची टाकून पळेल, आणि मग या बाजारात बसायला जागाच उरणार नाही.

"बहीण," ती म्हणाली.

"तरीच! तोंडवळा तोच हाय. लई भांडायची, पण मनाची भली होती."

"व्हय," चंपाबाई म्हणाली आणि मिरची जोखू लागली.

बाईनं पिशवी पुढं केली, आवाज खाली आणला. "शेवटी लई हाल झाले का हो त्यांचे?"

"नाय," चंपाबाई म्हणाली. "तिला कळलंच नाय."