बातमी ज्याची, त्याला आधी

कॉम्रेड ज्याच्याविरुद्ध बातमी लिहीत, ती छापायच्या आधी त्याच्या घरी जाऊन त्यालाच वाचून दाखवत! असा पत्रकार मी दुसरा पाहिला नाही. टँकरवाल्याची पाणीचोरी असो की नगरसेवकाचं तुंबलेलं गटार, हे सायकल टेकवून दारात हजर. "ऐका, आन् चुकलं असंल तर सांगा. पाठीमागून आपन कोनाला मारत नाय." लोक शिव्या घालत. एकाने तर कुत्रा सोडला. कॉम्रेडनी पळता पळता शेवटचा परिच्छेद पुरा केला.

तरुणपणी ते क्रांती करायला घराबाहेर पडले होते. ती काही आली नाही. साठीला टेकल्यावर ते वसईच्या एका साप्ताहिकाचे वार्ताहर झाले. नालासोपाऱ्यात आमच्या इमारतीला पाणी नव्हतं, त्या बातमीपायी ओळख झाली आणि मग दर रविवारी ते माझ्याकडे चहाला यायला लागले. साखर चार चमचे! "क्रांतीत गोड काय मिळालं नाय, आता भरून काढतो."

मला तेव्हा सिनेमाचं खूळ लागलं होतं. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा कॅमेरा, ऑफिसातलेच नट आणि विषय कॉम्रेड. सिनेमा विनोदी. त्यांना सांगितलं तर स्वारी खूश! "माझ्यावर सिनेमा? मग नायिका कोन?" सायकल आणि झोळी त्यांनी आपणहून दिली.

एका रविवारी मात्र चहा निवला तरी ते बोलत राहिले. क्रांतीच्या त्या दिवसांत चिंचोटीला पोलीस आले तेव्हा ते कोंबड्यांच्या खुराड्यात लपले होते. चळवळीतला जोडीदार सापडला आणि मार खाऊन जन्माचा लंगडा झाला. "बायकोलापन नाय सांगितलं कधी. तुला सांगितलं," म्हणाले आणि डोळे पुसले.

आणि मी मेल्याने काय करावं? जोडीदार गाळला आणि खुराडं ठेवलं! गिरीजच्या एका वाडीत पडदा बांधून खेळ झाला. नटाच्या गळ्यात कॉम्रेडची झोळी, डोक्यावर कोंबडी. माणसं हसून हसून लोळली. पहिल्या रांगेत कॉम्रेड बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल माझ्या दाराशी. चहा नको म्हणाले, उभ्यानेच वाचायला लागले. सिनेमाचं तोंडभर कौतुक होतं, खुर्च्या मांडणाऱ्यांचीसुद्धा नावं होती. मग शेवट आला. 'खुराड्याचा प्रसंग खरा आहे. वार्ताहराने तो लेखकाला विश्वासाने सांगितला होता. त्या दिवशी सापडलेल्या जोडीदाराचा उल्लेख सिनेमात नाही.'

"चुकलं असंल तर सांग."

"बरोबर आहे," मी म्हटलं. माफी मागितली नाही. झोळी पुढे केली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता तिला बघून लोक हसतील."

बातमी तशीच्या तशी छापून आली. पुढे कितीतरी रविवार मी चार चमचे साखर घालून चहा करून बसलो, पण ते परत माझ्या दारात आले नाहीत. मग एक दिवस ते गेल्याचंच कळलं, तेही त्यांच्याच साप्ताहिकातून.

आज हे सगळं लिहून काढलं आणि वाटलं, छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवावं. आता कुणाच्या दारात जाऊन उभा राहू?